फीचर म्हणजे नक्की काय? (आणि झाकण हे कुकरचं वैशिष्ट्य कसं?)

चिंचगुळ

मंडळी, मदत हवी आहे. मी घरबसल्या भाषांतरं करते. औषधांची पत्रकं, विम्याचे फॉर्म, मिक्सर-गिझरची माहितीपुस्तकं, जे येईल ते. परवा प्रेशर कुकरचं पत्रक आलं. वर इंग्रजीत मथळा 'सेलियंट फीचर्स' आणि खाली नऊ मुद्दे. हाताला सवय आहे, मी 'ठळक वैशिष्ट्ये' टंकून मोकळी झाले.

माझी पहिली वाचक म्हणजे आई. वय 74, आणि कुकर वापरायला लागून पन्नासेक वर्षं. तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ठळक वैशिष्ट्ये. एक, घट्ट बसणारे झाकण. दोन, शिट्टी. तीन, रबरी रिंग..." इथे थांबली. म्हणाली, "अगं, झाकण हे कुकरचं वैशिष्ट्य कसं? बिनझाकणाचा कुकर कुठे मिळतो? त्याला पातेलं म्हणतात."

तेव्हापासून डोकं भणभणतंय. वैशिष्ट्य म्हणजे दुसऱ्याकडे नाही ते. पण इंग्रजीतलं फीचर तसं दिसत नाही. गुण म्हणू? गुणधर्म? सोय? लक्षण? तुम्ही बोलताना फीचर कशाला म्हणता आणि त्याला मराठीत काय म्हणता? बुधवारी पत्रक द्यायचं आहे.

बिनचूक_बंडू

यात अडचण काय आहे ते कळलं नाही. फीचर म्हणजे वैशिष्ट्य. शाळेत आपण सगळेच 'संविधानाची ठळक वैशिष्ट्ये' पाठ करून आलो आहोत. रूढ शब्द आहे, वापरा आणि पुढे चला.

ओसरी

"त्याला पातेलं म्हणतात" ला साष्टांग दंडवत. आईंना इथे सदस्य करून घ्या.

चिंचगुळ

@बंडू, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. संसदीय पद्धत आपल्या संविधानात आहे तशी ब्रिटनमध्येही आहे. मग ते आपलं वैशिष्ट्य कसं? तरी यादीत असतंच. म्हणजे तिथेही फीचरला वैशिष्ट्य म्हणताना आपण जरा पांघरूणच घातलंय.

तळ्यातमळ्यात

आमच्या धंद्यात (सॉफ्टवेअर, हिंजवडी, रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये) फीचर म्हणजे जे बनवून द्यायचं कबूल केलं ते. बग म्हणजे कबूल न करता जे बनलं ते. दोन्हीतली सीमारेषा गिऱ्हाईक किती रागावलंय यावर ठरते.

खरी गोष्ट सांगतो. एका हिशेबाच्या प्रणालीत आमच्याकडून चूक झाली होती. तारीख भरली नाही तर आपोआप महिन्याचा शेवटचा दिवस पडायचा. दोन वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आलं, आम्ही इमानदारीत दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेखा विभागातून फोन, की आमची सोय का काढली? सगळी बिलं त्यावर चालत होती त्यांची. मग तीच चूक आम्ही परत घातली, तिला नाव दिलं, पुस्तिकेत एक परिच्छेद लिहिला. झालं फीचर.

मराठीत याला आधीपासून म्हण आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

फुलवात

@तळ्यातमळ्यात, वारले =)) ही म्हण उद्याच्या मीटिंगमध्ये वापरणार.

आजोळ

तुम्ही सगळे यंत्रांत अडकलात. माझ्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडला तो बघण्याच्या कार्यक्रमात. 1986 साल, दादरला मावशीच्या घरी. कांदेपोहे झाले, प्रश्न झाले, मी आत गेले. मुलाची आत्या बाहेर मावशीला सांगत होती, "रंग सावळाच आहे हो, पण फीचर्स छान आहेत." दार लोटलेलं होतं, ऐकू येणारच. मला वाईट वाटावं की बरं, तेच ठरेना. रात्री मावशीला विचारलं, फीचर्स म्हणजे काय? ती म्हणाली, नाकीडोळी नीटस आहेस असं म्हणाली ती.

तर घ्या, हा झाला एक अर्थ. चेहऱ्याचे फीचर्स म्हणजे चेहऱ्याची ठेवण. नाक, डोळे, जिवणी, हनुवटी, आणि ते एकमेकांपाशी कसे बसलेत ते. नाक तर प्रत्येकाला असतंच, त्यामुळे चिंचगुळच्या आईचा नियम इथेही लागतो. नाक हे कोणाचं वैशिष्ट्य नसतं, फार तर एखाद्याच्या नाकाचं असतं.

(ते लग्न जमलं नाही. बरंच झालं.)

आडवाटे

@आजोळ, तुम्ही सांगितलेला अर्थ सर्वांत जुन्या अर्थाच्या अगदी जवळचा. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे, घडवणे. त्यावरून 'फाक्तुरा', म्हणजे घडण. ते जुन्या फ्रेंचमधून 14 व्या शतकात इंग्रजीत आलं तेव्हा फीचर म्हणजे शरीराची घडण, आकार. पुढे अर्थ आक्रसत चेहऱ्यावर आला, मग परत पसरत जगातल्या कुठल्याही वस्तूच्या नजरेत भरणाऱ्या भागापर्यंत गेला. फॅक्ट, फॅक्टरी, मॅन्युफॅक्चर ही सगळी त्याच घरातली भावंडं. काउंटरफीट, म्हणजे बनावट, हेही त्यातलंच. त्यातलं 'फीट' आणि फीचरमधलं 'फीच' एकाच धातूचं.

आणि गंमत पाहा, मराठीतही आपण नेमकं तेच केलंय. 'बनावट' म्हणजे खोटं, आणि 'कापडाची बनावट चांगली आहे' म्हटलं की घडण. बांधा घडीव असतो, चेहऱ्याला ठेवण असते. घडवणं आणि ठेवणं. कोणी तरी बसून केल्यासारखं.

बिनचूक_बंडू

रोचक. पण कुकरच्या पत्रकावर 'ठळक घडण' लिहायची का? :)

सातपुडा

भूगोलाचा मास्तर आहे, राहवत नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे या शब्दाने फार घोळ केलाय. पाठ्यपुस्तकात लँडफॉर्मला 'भूरूप' आहे, तो शब्द मला मनापासून आवडतो. पण स्थलदर्शक नकाशा शिकवायला घेतला की गाडी अडते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घ्या. निळ्या रंगात पाणी, तपकिरी समोच्च रेषा, हिरवी झाडी, लाल रंगात रस्ते आणि वस्ती. त्यावरची प्रत्येक खूण म्हणजे इंग्रजीत फीचर. विहीर, देऊळ, बांध, पायवाट, सगळं. संगणकावरच्या नकाशात तर सगळ्या जगाचे तीनच प्रकारचे फीचर: बिंदू, रेषा आणि बहुभुज. बोअरवेल बिंदू, ओढा रेषा, तलाव बहुभुज.

एकदा एका मार्गदर्शिकेत वाक्य होतं, "नकाशातील वैशिष्ट्ये ओळखा." नववीच्या पोरीने उत्तर लिहिलं, "नकाशा रंगीत आहे, घडी घालता येते, स्वस्त आहे." मी पूर्ण गुण दिले. चूक तिची नव्हती. विहीर हे गावाचं वैशिष्ट्य नसतं, पण नकाशावरचं फीचर असतं. चिंचगुळताईंच्या आई आणि ही पोरगी एकाच खड्ड्यात पाय अडखळून थांबल्यात, आणि खड्डा भाषांतरकाराने खणलेला आहे. (ताई, राग नसावा.)

चिंचगुळ

राग कसला सर, त्या मार्गदर्शिकेचं भाषांतर मी केलेलं नसावं अशी प्रार्थना करतेय.

गावठी_गणपा

तुम्ही लई लांब गेलासा. आमच्याकडं बैल बघायला गेलं की दोनच गोष्टी इचारत्यात. खूण काय आन खोड काय.

खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार बघताना आमचे आबा आधी लांबनं बघायचे. उभा कसा ऱ्हातो, शिंगं कशी वळल्यात, खांदा, खुरं, शेपटाचा गोंडा. मग जवळ जाऊन दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, का जुळलेला. मग अंगावरचे भोवरे, कुठला चांगला कुठला वाईट त्याची पोथीच पाठ होती. ह्या झाल्या खुणा. शेवटी हेड्याला, म्हंजे बैलांच्या दलालाला, बाजूला घेऊन इचारायचं, "खोड काय हाय?" बसतो का, मारतो का, दावं तोडतो का. हेडी कवा खरं सांगत न्हाई. म्हणतो, "मालक, जरा तापट हाय, पण गडी चपळ हाय."

तर तळ्यातमळ्यात, तुमचा बग म्हंजे खोड. आन तुमचं गिऱ्हाईक म्हंजे आमचा हेडी उलटा. आन खोडीबद्दल तर म्हणच हाय, जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई. सॉफ्टवेअरची जाती का?

तळ्यातमळ्यात

@गणपाभाऊ, नाही जात. नवीन आवृत्तीत वासराला पण तीच लागते.

पढतमूर्ख

गणपांचा प्रतिसाद वाचून टाळ्या वाजवल्या, कारण आपल्या न्यायशास्त्राने (कोर्टातलं नव्हे, प्राचीन तर्कशास्त्र) हा सगळा वाद गायीवरच सोडवून ठेवलाय.

प्रश्न असा: गायीचं 'लक्षण' सांगा. 'शिंगं असतात' म्हणालात तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची असते' म्हणालात तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. 'एकच अखंड खूर असतो' म्हणालात तर एकही गाय सापडणार नाही, हा असंभव. मग लक्षण कोणतं? 'सास्ना', म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी. सगळ्या गायींना असते आणि त्या चर्चेतल्या दुसऱ्या जनावरांना नसते. असं जे लक्षण नेमकं वेगळं काढून दाखवतं ते व्यवच्छेदक लक्षण.

आता कुकरकडे. झाकण हे लक्षण म्हटलं तर डबा, बरणी, डेचकी सगळे आत शिरतात. शुद्ध अतिव्याप्ती. शिट्टी म्हटलं तर पोलीस आणि रेफरीही आत. वाफ कोंडून धरणारं झाकण, हे खरं व्यवच्छेदक लक्षण, पण ते कुकर या *जातीचं*. या कंपनीच्या कुकरचं नव्हे. वैशेषिकांच्या, म्हणजे न्यायाच्या जोडीच्या दर्शनाच्या, भाषेत ते 'सामान्य' आहे आणि पत्रकवाला ते 'विशेष' म्हणून विकतोय. आईंनी एका वाक्यात पकडलं ते हे.

अवांतर: समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. मराठीतली ही सर्वांत कडक फीचर लिस्ट असावी. माझं टोपणनाव तिथूनच उचललंय, दुरुस्ती करू नये.

ओसरी

पोलीस आणि रेफरी =)) =))

नळावरची_भांडणं

लक्षण चांगला शब्द आहे पण आज तो वापरता येणार नाही. तो डॉक्टरांनी पळवलाय. "या कुकरची लक्षणे" वाचून मी आधी त्याला ताप आलाय का बघेन. आणि घरात लक्षण म्हटलं की ते वाईटच असतं. "काय लक्षणं आहेत कार्ट्याची!" चांगली असती तर कोणी बोललं असतं का?

'गुण'चीही तीच गत. गुण म्हणजे मार्क, गुण म्हणजे औषधाचा उतार, आणि "काय गुण उधळलेस" म्हटलं की संपलंच.

बिनचूक_बंडू

हेच तर मी म्हणतोय. बाकी शब्द कुठे ना कुठे नोकरीला लागलेत, मोकळा फक्त वैशिष्ट्य आहे.

रानभूल

मग सरळ 'फीचर्स' लिहा ना. देवनागरीत. माझ्या कामवाल्या मावशीसुद्धा मोबाईल घेताना म्हणाल्या, "त्या दुसऱ्यात फीचर जास्त हायती." टेबल, बटण, पेन आले तसं हेही आलं. किती दिवस दारात उभं ठेवणार?

बिनचूक_बंडू

दारात उभं ठेवत नाही, पण घरात माणूस असताना पाहुण्याला स्वयंपाकाला का लावायचं? 'मेयर' म्हणायचं सोडून आपण 'महापौर' म्हणायला लागलो तेव्हाही लोक हसलेच असतील. आज कोणाला खटकतं? प्रयत्नच केला नाही तर उद्या 'कुकरचे झाकण' ऐवजी 'कुकरचे लिड' लिहाल.

रानभूल

लिड लिहिणार नाही कारण झाकण आहे. फीचर लिहीन कारण फीचरला एक शब्द नाही, वीस तुकडे आहेत, हे वरच्या वीस प्रतिसादांनी सिद्ध केलंय.

संत्राबर्फी

सगळे जण एक मुद्दा विसरून राहिले. फीचर फोन!

काय सांगू बाप्पा, नागपुरात दुकानात गेलो बाबांसाठी साधा बटनाचा फोन घ्याले. दुकानदार म्हणे, "फीचर फोन पाहिजे का?" मी म्हटलं नाही हो, फीचर-बिचर काही नको, फक्त बोलता आलं पाहिजे अन् टॉर्च. तो म्हणे तोच तर फीचर फोन. ज्यात काहीच फीचर नाही त्याचं नाव फीचर फोन! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा.

अन् गंमत म्हणजे रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्ये यूपीआय 123पे सुरू केलं ते याच फोनांसाठी. इंटरनेट नको, नंबर लावा अन् आवाज सांगल तसं बटन दाबा. बाबांनी एकदाच पैसे पाठवले, मलेच, एक रुपया, अन् मग फोन करून विचारलं, भेटला का?

तळ्यातमळ्यात

@संत्राबर्फी, नाव तसं चुकीचं नव्हतं. ज्या काळात फोन म्हणजे फक्त बोलणं आणि संदेश, तेव्हा कॅमेरा, गाणी, थोडं इंटरनेट असलेला तो फीचर फोन, म्हणजे वरच्या वर्गातला. मग स्मार्टफोन आले, वर्ग सरकला, नाव तिथेच राहिलं. नोकिया 1100 आठवतो? 2003 चा. त्याचा टॉर्च हे त्या वेळी खरंखुरं वैशिष्ट्य होतं, लोक टॉर्चसाठी घ्यायचे. आज टॉर्च नसलेला फोन शोधून दाखवा.

घाटमाथा

अगदी. गाड्यांचं हेच. आमच्या पहिल्या गाडीच्या माहितीपत्रकात पॉवर स्टीअरिंगला वेगळी चौकट होती, फोटोसकट. पुढे एअरबॅग यायला लागल्या तेव्हा टॉप मॉडेल घेणाऱ्यालाच मिळायच्या, विक्रेता हळूच डॅशबोर्डवर थाप मारून दाखवायचा. मग जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलांना शेजारच्या सीटचीही. आता ते फीचर की कायदा? तरी पत्रकात पहिल्या ओळीत असतंच.

@चिंचगुळ, तुमच्या नऊ मुद्द्यांत आयएसआय मार्क आहे का हो?

चिंचगुळ

आहे! सहावा मुद्दा!

घाटमाथा

वाटलंच. घरगुती कुकरला आयएस 2347 हे मानक आहे आणि फेब्रुवारी 2021 पासून त्याचा मार्क सक्तीचा आहे. त्याशिवाय विकताच येत नाही. म्हणजे ते वैशिष्ट्य म्हणजे "आमचा ड्रायव्हर लायसन्स असलेला आहे" म्हणण्यासारखं.

तिसरी_घंटा

मी जरा वेगळ्या गावाला नेतो. सिनेमातलं फीचर.

सुरुवातीच्या काळात एका खेळात बऱ्याच छोट्या पट्ट्या दाखवत. त्यातला जो मुख्य, ज्याच्या नावाने पाटी लागायची, तो फीचर. म्हणजे इथे अर्थ 'मिरवलेला'. फाळक्यांचा चार रिळांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो आपला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानतात. ऑस्करवाल्यांनी तर सरळ घड्याळ लावलं, 40 मिनिटांपेक्षा मोठा तो फीचर. वैशिष्ट्य असो नसो.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत फीचर आणि नॉन-फीचर असे दोन विभाग आहेत. पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट फीचरचं सुवर्णपदक 'श्यामची आई'ला मिळालं. तर आमच्या फिल्म क्लबच्या पत्रिकेत एका उत्साही कार्यकर्त्याने नॉन-फीचरचं भाषांतर केलं 'वैशिष्ट्यहीन चित्रपट'. पन्नास पत्रिका छापून आल्या. त्यातल्या एका माहितीपटाचा दिग्दर्शक प्रमुख पाहुणा होता.

फुलवात

आई गं. मग?

तिसरी_घंटा

तो आला, हसला, आणि भाषणाची सुरुवात केली, "मी आणि माझा वैशिष्ट्यहीन चित्रपट आपले आभारी आहोत." कार्यकर्ता पुढचे सहा महिने फक्त सतरंज्या घालत होता.

जुना_ट्रान्झिस्टर

@तिसरी_घंटा, सिनेमावाल्यांनी घोळ केला, पण आकाशवाणीने नाही. रेडिओवरच्या फीचरला तिथे शब्द आहे 'रूपक'. संगीत रूपक, माहितीपर रूपक. श्रुतिका वेगळी, भाषण वेगळं, रूपक वेगळं. मला लहानपणी वाटायचं रूपक म्हणजे व्याकरणातलं 'मुख हाच चंद्र' तेच, आणि कार्यक्रमात चंद्र कधी येतो याची वाट बघत बसायचो.

आडवाटे यांनी फीचरचं मूळ घडण, आकार म्हणून दिलं ते वाचून हे आठवलं. रूप आणि रूपक. तो शब्द देणाऱ्याला लॅटिन येत होतं की नुसता कान चांगला होता कोण जाणे.

श्टुटगार्टची_वेणू

इकडे जर्मनमध्ये रेडिओवरच्याला 'फीचर'च म्हणतात, पण वस्तूच्या किंवा माणसाच्या फीचरला 'मेर्कमाल'. मेर्क म्हणजे ध्यानात घेणे, माल म्हणजे डाग, खूण. लक्षात ठेवायची खूण. हे वाचून गणपाभाऊंच्या आबांची आठवण झाली, त्यांना न भेटता. आणि गुणधर्माला वेगळा शब्द, 'आयगेनशाफ्ट'. आयगेन म्हणजे स्वतःचं. जे दिसतं ते मेर्कमाल, जे आत असतं ते आयगेनशाफ्ट.

मराठीतही हा भेद आहे, आपण फक्त पाळत नाही. शिंगं ही खूण, तापटपणा हा गुण. कुकरचं हँडल दिसतं. लवकर तापतो हा ॲल्युमिनियमचा गुणधर्म.

पाचवा_रकाना

मी मशीन लर्निंग शिकतेय, तिथे तर फीचर म्हणजे चक्क कोष्टकातला रकाना. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच उदाहरण देतात, आयरिसची 150 फुलं, तीन जाती, प्रत्येकीची पन्नास. 1936 मध्ये फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने त्यावर लेख लिहिला तेव्हापासून लोक त्याच फुलांना पिडतायत. फीचर चार: निदलाची (पाकळ्यांच्या बाहेरचं दल) लांबी, निदलाची रुंदी, पाकळीची लांबी, पाकळीची रुंदी. एवढ्यावरून यंत्राने जात ओळखायची. वास नाही, रंग नाही.

सरांना विचारलं मराठीत काय म्हणू, ते म्हणाले, "जे मोजलंस ते."

पढतमूर्ख

"जे मोजलंस ते." वा! सर कुठे राहतात?

गावठी_गणपा

वास न्हाई, रंग न्हाई, नुसती लांबी-रुंदी बघून जात वळखायची? आबांनी काठी घातली असती.

पण एक सांगतो. डांगी बैल दिसायला काय खिल्लारासारखा देखणा न्हाई. पण त्याच्या कातड्याला तेलकटपणा असतोय, इगतपुरी-अकोल्याच्या मरणाच्या पावसात त्योच टिकतोय. खिल्लार तिथं नेला तर चार दिसांत आजारी. म्हंजे वेणूताई म्हणत्यात तसं, मोजपट्टी लावून ते घावत न्हाई. पाऊस पडल्यावर कळतंय.

नळावरची_भांडणं

धागा बैलावरून कुकरवर परत आणावा ही नम्र विनंती. बुधवार उद्याच आहे.

आजोळ

चिंचगुळ, माझं ऐक. एक शब्द शोधू नकोस. नऊ मुद्दे आईपुढे ठेव आणि प्रत्येकाला ती काय म्हणते ते लिही.

चिंचगुळ

आजोळताई, अगदी तेच केलं. काल रात्री जेवण झाल्यावर बसलो. अहवाल सादर करते.

झाकण, शिट्टी, रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह: आईच्या मते "हे सामान". खोक्यात काय काय आहे त्याची यादी. मथळा: 'कुकरसोबत काय मिळेल'.

जाड बूड, न तापणारं हँडल: "ही जमेची बाजू. बूड जाड असेल तर डाळ लागत नाही." मथळा: 'सोयी' असा टाकला. तिला 'जमेच्या बाजू' हवं होतं, पण मग उणेच्या बाजू कुठे आहेत असं लोक विचारतील.

आयएसआय मार्क: "तो असायलाच हवा. त्यात सांगायचं काय?" खाली बारीक अक्षरात.

पाच वर्षांची हमी: "हे फीचर नाही, हे वचन आहे. बघू पाळतात का."

नववा मुद्दा, भांड्याच्या आत दोन रेघा. वरची दोन-तृतीयांशावर, त्याच्या वर काही भरायचं नाही. खालची निम्म्यावर, डाळीसाठी, कारण डाळ फुगते आणि फेस शिट्टीत जातो. इथे आई थांबली. कुकर अजून हातात नाही आमच्या, नुसतं चित्र होतं. ते जवळ घेऊन बघितलं. म्हणाली, "हे मात्र मी कुठे पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं बोटाच्या पेरांनी मोजतेय." तर नऊपैकी एक निघालं वैशिष्ट्य. एकवचनी.

आज सकाळी पाठवून दिलं, चार मथळे करून, प्रत्येकाचं कारण लिहून.

सातपुडा

उत्तम! पूर्ण गुण. तिकडून काय म्हणाले?

चिंचगुळ

आत्ताच उत्तर आलं. भाषांतर फार आवडलं म्हणे. पण खोक्याची मांडणी आधीच छापायला गेलीय, मथळ्याला एकच जागा आहे आणि खाली नऊ ठिपके. तर कृपया 'ठळक वैशिष्ट्ये'च ठेवावं.

ओसरी

म्हणजे झाकण परत वैशिष्ट्य?

चिंचगुळ

हो. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता झाकणाचे वेगळे पैसे लावतील बघ."